सहावं दार

स्वयंपाकघरातल्या कपाटाची पाच दारं लागली होती, सहावं तेवढं राहिलं होतं, आणि नेमका तेव्हाच काकूंचा धाकटा भाऊ मुक्कामाला आला. भाऊ वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. चहासुद्धा आधी डोळ्यांनी मोजून मग प्यायचा. आणि काका निवृत्तीनंतर सुतारकामात रमलेले. टेबलात बसवलेली, विजेवर चालणारी करवत त्या काळी कुणाच्या घरी नसायची, काकांकडे होती. कपाटाचं कुणी कौतुक केलं की आठवडाभर घरात गोडीगुलाबी. काकूंना ती गोडी जपायची होती.

भाऊ कपाटासमोर मान तिरपी करून बराच वेळ उभा राहिला, मग तडक काकांच्या कामाच्या खोलीत करवतीकडे गेला. प्लग काढून त्यानं पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. फळी जिला टेकवून पुढे सरकवायची, त्या लोखंडी पट्टीपर्यंतचं, म्हणजे फेन्सपर्यंतचं अंतर पुढून मोजलं. तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं.

"दाजी, मागे आत आलीय ही. फळी चिमटून वळणार नाही तर काय?"

"माझ्या फळ्या गुमान जातात," काका म्हणाले. "तुम्हाला बघून बिचकली असेल."

भावानं पात्याभोवतीची झाकणपट्टी, इन्सर्ट म्हणतात ती, बोटानं दाबली. ती डुगडुगली. खालून टेकूला लावलेला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा डोकावला. काकूंनी घाईघाईनं चहा टाकला, बाजारातलं काम काढलं. पण चूक सापडल्यावर सोडेल तो त्यांचा भाऊ कसला! दुपारपर्यंत त्यानं स्क्रू पिळले. इन्सर्ट टेबलाशी असं सपाट बसवलं की नख अडकेना. मग सहावं दार त्यानंच कापलं. काका स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखे भुसा झाडत उभे. जेवताना भाजी अळणी झाली होती, तरी त्यांनी मीठसुद्धा मागितलं नाही.

संध्याकाळी दार लागलं. अगदी काटकोनात, नाकासमोर. पण बाकीची पाच दारं आणि चौकट जुन्या करवतीवरची. सगळी गुण्यागोविंदानं एकाच बाजूला कललेली. त्यांच्या रांगेत हे एकटं सरळ दार असं दिसायला लागलं, की तेवढंच जणू पिऊन उभं आहे.

तेवढ्यात शेजारीणबाई वाटी परत द्यायला आल्या. "छान झालंय हो कपाट," त्या म्हणाल्या. "शेवटचं तेवढं वाकडं का?"

काका जमिनीकडे बघू लागले. भाऊ काकूंकडे बघू लागला. खरं सांगावं तर नवऱ्याचं हसं, गप्प बसावं तर भावाची मान खाली. काकूंनी वाटी घेतली, पुसली, फळीवर ठेवली.

"ते माझ्या भावानं केलंय," त्या म्हणाल्या. "हात बसला नाही अजून त्याचा."

काकांनी रात्री भाजी दोनदा मागून घेतली. भाऊ मात्र अर्ध्या पानावरून उठला.

सकाळी करवतीच्या खोलीत काकूंना दोन पाठी दिसल्या. भाऊ पाना घेऊन वाकलेला, काका शेजारी गुणगुणत बसलेले.

"दाजी, सहावं दार दुसरं कापू. फेन्स होती तशी करून देतो. नेमकी किती वाकडी होती? मी दुरुस्त केली, पण चूक किती ते टिपलं नाही."

काकांनी मनापासून आठवून पाहिलं.

"मला काय ठाऊक? मला तर ती सरळच वाटायची."