सरांचे दुःखी मित्र

उल्हासनगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र सरांनी २००७ साली मुलांना दयाळूपणाही शिकवायचं ठरवलं, आणि तोही इंटरनेटवरून. (शिरगावच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा बायकोच्या, म्हणजे प्रतिभाच्या हातात असे, ही गोष्ट वेगळी.)

कारण होता हरेश. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारा हा मुलगा वर्गात कोणाशी बोलत नसे, आणि दिवाळीनंतर येणार नाही असं त्याने ऑफिसात सांगून ठेवलं होतं. सरांच्या जिवाला घोर लागला. तोंडाने न बोलणारा पोरगा लिहून तरी बोलेल, म्हणून त्यांनी वर्गाचा ईमेल ग्रुप काढला. सायबर कॅफेत एकेका कॉम्प्युटरला चौघांनी बसायचं आणि खचलेल्या माणसाला धीर देणारं उत्तर मिळून लिहायचं, असा गृहपाठ दिला.

आता खचलेला माणूस आणायचा कुठून? सरांनी तो घरीच बनवला. 'माझे एक मित्र आहेत' अशी सुरुवात करून त्यांनी लिहिलं, की या गृहस्थांना घरी कोणी विचारत नाही, बायको हिडीसफिडीस करते आणि ताटात रोज दुधी. (लिहिता लिहिता सरांचेच डोळे पाणावले.)

त्यावर हरेशने पहिलावहिला मेसेज टाकला, "सरांना एकटं सोडायचं नाय." 'माझे एक मित्र' म्हणजे सांगणारा स्वतःच, हे कॉलेजातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

रविवारी अख्खा ग्रुप शिरगावात हजर झाला. हरेशच्या हातात कंटोळ्यांच्या रानभाजीची पिशवी होती. दार प्रतिभाने उघडलं.

"काकू, सरांना रोज दुधी नका ना देऊ," ग्रुपमधली वैष्णवी काकुळतीने म्हणाली.

प्रतिभाने आत वळून नवऱ्याकडे पाहिलं. खुलासा करायला सरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना धीर द्यायला हरेश स्वतःचंच सांगू लागला. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जातं, विचारलं तर सगळे हसतील असं वाटतं, डबाही एकट्यानेच खातो. वैष्णवीने तिथल्या तिथे मराठीत नोट्स काढून द्यायचं कबूल केलं, बाकीच्यांनी त्याला डब्याला आपल्यात ओढलं. सरांना आभाळ ठेंगणं झालं.

निघताना हरेश हसत म्हणाला, "सर, मी कॉलेज सोडत नाय. तुमच्याकडं बघून वाटलं, आपलं तर जाम बरं हाय."

पोरं गेल्यावर सर चाचरत म्हणाले, "उद्या त्याला खरं काय ते सांगून टाकतो."

"खबरदार. त्याची डिग्री हातात पडेपर्यंत तुम्ही दुःखीच राहायचं."

"अगं, पण इतकी वर्षं मला कसं जमणार?"

"त्याची तुम्ही काळजी करू नका," प्रतिभा म्हणाली. "ते मी बघते."