हंगामी नवरा

सैनिक कल्याण विभागाच्या मोठ्या बाईसाहेब जवानांच्या वसाहतीला भेट देणार होत्या आणि प्रत्येक घरात एक सुखी कुटुंब उपलब्ध असावं, असा वरून आदेश होता. बायका होत्या, मुलं होती, पडदेही नवेकोरे आले. उणीव एवढीच होती की नवरे सीमेवर होते.

कल्याण अधिकाऱ्यांनी अडचण चुटकीसरशी सोडवली. बँडमधल्या ढोलवाल्याची कधी बदली होत नसे आणि तो हसायचाही छान. त्याची हंगामी नवरा म्हणून नेमणूक झाली. बाईसाहेब पुढच्या दाराने निघाल्या की त्याने मागच्या दाराने पुढचं घर गाठायचं, शर्ट बदलायचा आणि तिथलं मूल खांद्यावर घ्यायचं.

कोपऱ्यातल्या घरी रंगीत तालीम झाली. सासूबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "माझ्या लेकापेक्षा हा बरा दिसतो," त्या सुनेला म्हणाल्या. "निदान दिसतो तरी!"

सुनेला हसू आलं नाही. तिच्या नवऱ्याला वर्षभराने सुट्टी मिळाली होती, तीही एकाच दिवसाची, आणि नेमकी भेटीच्या दिवशी. संध्याकाळच्या गाडीने तो परत जाणार होता.

"साहेब, त्या दिवशी माझा खरा नवरा घरी असेल. मग हा कशाला?"

"ताई, त्यांची तालीम झालेली नाही," अधिकारी कळवळून म्हणाले. "ऐन वेळी गप्प बसले तर?"

भेटीच्या दिवशी नवरा फाटकाशी उतरला. रापलेला, गालफडं बसलेली, हातात लेकीसाठी बाहुली. अधिकाऱ्यांनी त्याला तिथेच अडवलं.

"तुमची जागा सध्या भरलेली आहे."

"अहो, पण घर माझं आहे!"

"म्हणून तर शिस्त पाळा. तुमच्या जागी ढोलवाला गेल्यामुळे इकडे ढोल रिकामा पडलाय. देशसेवाच समजा."

हुकूम तो हुकूम. नवरा स्वतःच्याच अंगणात उभा राहून ढोल बडवू लागला. लेक खिडकीतून "बाबा!" म्हणून ओरडली, तेव्हा अधिकाऱ्यांनी तत्परतेने तिचं तोंड आतल्या बाबांकडे वळवलं.

"घरकामात मदत करतात का हे?" बाईसाहेबांनी कौतुकाने विचारलं.

"मागच्या दाराने आल्यापासून करतायत," सून म्हणाली. सगळे मनमुराद हसले.

वसाहत मोठी होती आणि ढोल प्रत्येक घरासमोर वाजायला हवा होता. शेवटचं घर उरकेपर्यंत गाडीची वेळ झाली. सून डबा घेऊन फाटकापर्यंत धावली, तेव्हा वळणावर तिला त्याचा हलणारा हात तेवढा दिसला. तिला रडू कोसळलं. बाहुली ढोलावर ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी 'सुखी जवान कुटुंब' हा फोटो सगळीकडे फिरला. मधोमध ढोलवाला, खांद्यावर मुलगी. मागे खिडकीतून कुणीतरी अंगणात ढोल बडवताना दिसत होता, तेवढा भाग कापून टाकला होता.

फोटो तुमच्याकडेही आलाच. तुमचे डोळे पाणावले, तुम्ही त्याला कडक सलाम ठोकलात आणि लगेच पुढे पाठवलात. ढोलवाला आपला अत्यंत आभारी आहे.