सटवाजी नाईकाच्या नेत्रदाखल्याची हकीकत

श्रीमार्गेश्वर प्रसन्न. जोवर वाटा आहेत तोवर वाट चालणारांस डोळे असोत, आणि डोळे आहेत तोवर वाटा सोबत करोत. शके एकुणीसशे चवेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची मर्जी नाही. त्या राज्यास एका अंगास समुद्र, समुद्राकाठी मिठागरे, मग घाट, आणि घाटावर देश. देशावरील लोकांस मिठावाचून अन्न गोड लागेना, म्हणोन सोळा चाकांचे लोखंडी गाडे रात्रंदिवस मीठ भरोन घाट चढत, आणि रिते होऊन उतरत. त्या गाड्यांचे गाडेकरी पुष्कळ, त्यांत सटवाजी नाईक म्हणोन एक पुरातन गाडेकरी होते. बत्तीस वर्षे त्यांनी एकच घाट चढिला, आणि वळणे त्यांस मांडीवरल्या नातवाच्या पाठीसारखी हाताने ठाऊक होती.

तो काही वर्षांपाठीमागे दरबारातून फर्मान सुटले की, जो कोणी भारी गाडा हाकील त्याने दर दोन वर्षांनी सरकारी वैद्यापुढे उभे राहावे, आणि निरोगीपणाचा दाखला घेऊन उराशी बाळगावा, दाखल्याविना चाकास हात लावू नये. फर्मानात कलमे होती ती ऐसी : दूरचे दिसते काय, हाक ऐकू येते काय, रक्ताचा जोर किती, लघवीत साखर उतरते काय, दम लागतो काय, आणि निजल्यावर घोरणे मध्येच बंद पडोन श्वास कोंडतो काय, याची जबानी घरधनिणीपासोन घ्यावी, कारण की निजलेल्यास आपुली खबर नसते. हे शेवटचे कलम ऐकोन गाडेकऱ्यांस हसे आले. मागल्या खेपेस नाईकांच्या कुटुंबास, लाडूबाईंस, वैद्यशाळेत बोलावोन पुसिले, तेव्हा त्या म्हणाल्या की, घोरतात तर सगळी आळी जाणते, मला त्याचीच अंगाई, घोरणे थांबले तर मी उठून बसते. कारकुनाने हे जसेच्या तसे लिहोन घेतले आणि खाली शिक्का मारिला.

परंतु नाईकांस भय होते ते घोरण्याचे नव्हे, डोळ्यांचे होते. दोन वर्षे झाली, त्यांच्या डोळ्यांत हळूच काही उतरू लागले. प्रथम दिव्यांस खळी पडली. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाड्याच्या दिव्याभोवती चंद्रासारखे कडे दिसे, घाटात दहा गाडे आले तर वीस चंद्र उगवत आणि एकामागून एक दरीत मावळत, आणि नाईकांस ते फार गोड वाटे. मग दिवसाही दुधाची साय धरल्यासारखे होऊ लागले. झाडे हलकी जाहली, डोंगरांस कडा उरल्या नाहीत, दरी म्हणजे नुसता पिंजलेला कापूस, आणि आपण मीठ नव्हे, ढग वाहोन नेतो ऐसे त्यांस वाटे. रस्ता दिसे तो डोळ्यांस थोडका आणि हातांस फार. हातांनी घाट चढावा, आणि डोळ्यांनी स्वप्न पाहावे, ऐसे चालले. कोणास सांगितले नाही. लाडूबाईंस मात्र कळले होते, कारण की एके दिवशी नाईकांनी दारातल्या हंड्यास या बसा म्हटले. त्यांनी पदराने हंडा पुसला आणि आत नेऊन ठेविला.

आता दाखल्याची मुदत भरली. मिठागराच्या धन्यांनी निरोप धाडिला की, नवा दाखला आणा, ज्येष्ठ सरेपावेतो न आला तर गाडा दुसऱ्याचे हाती देणे प्राप्त आहे, आमचा इलाज नाही. नाईकांस मुलगा नव्हता, शेत नव्हते, दुसरा हुन्नर नव्हता. गाडा गेला तर सकाळी उठोन कोठे पाहावे, हाच प्रश्न पडला. तेव्हा ते घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर आले, आणि तेथे गाडेकऱ्यांची एक गुप्त विद्या होती तिला शरण गेले.

ती विद्या ऐसी. वैद्यशाळेच्या भिंतीवर अक्षरपट टांगलेला असे, वर एक थोर अक्षर, आणि खाली ओळी उतरत उतरत अक्षरे बारीक होत जात. बारा हातांवरून जो सातवी ओळ वाचील तो पास. सर्व राज्यात पट एकच, दरबारच्या छापखान्यातला. मागे कोण्या डोळस गाडेकऱ्याने तो पट जवळोन पाहोन, वरपासोन खालपर्यंत जे जे होते ते ते उतरोन घेतले, आणि दळणाच्या चालीवर बसवोन दिले. गाडेकरी ते गुणगुणत घाट चढत, आणि ज्याचे डोळे अधू तो तेच गुणगुणत पास होई :

ग उभा गं दारात, म र बसले घरात,
त ल प गेले रानात, व द न क घाटात,

आणि ऐसे पुढे सातही ओळी. नाईकांचा सोबती दौलतखान, निळ्या गाड्याचा गाडेकरी, तो या विद्येत निपुण. त्याने नाईकांस तीन दिवस पढविले. पढविताना म्हणाला की, एका दमात म्हणू नका, गाणे वाटेल. पाचव्या ओळीला खोका, सहावीला डोळे बारीक करा, सातवीला एक अक्षर परत घ्या, म्हणजे खरे वाटते. नाईक म्हणाले, आणि चुकलो तर? दौलतखान म्हणाला, मागच्या साली मी दोन्ही डोळे मिटून पास झालोय, तुमचे तर उघडे आहेत.

मग चैत्र वद्य पंचमीस, दोन प्रहरी, नाईक डोईस नवा रुमाल बांधोन वैद्यशाळेत दाखल जाहले. तेथील वैद्य म्हाळसाबाई, वयाने पन्नाशीच्या, शब्द थोडके, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी नाडी पाहिली, रक्ताचा जोर पाहिला, छातीस नळी लाविली, कानामागे उभे राहोन हळू हाक मारिली, आणि नाईक सर्व कलमांस उतरले. मग बाईंनी त्यांस बारा हातांवर उभे केले आणि पटाकडे बोट दाखविले. भिंतीवर नाईकांस एक पांढरी चांदणी दिसली, तिजवर काही मुंग्या असाव्यात. त्यांनी मनात जाते धरिले, आणि ओळी सुरू केल्या. पाचवीस खोकले. सहावीस डोळे बारीक केले. सातवीस एक अक्षर मागे घेऊन फिरोन म्हटले. बाई मान डोलावीत होत्या, लेखणी कागदावर टेकली होती, आणि नाईकांस मोठा हर्ष जाहला, आणि त्या हर्षात ओवी थांबवण्याचे भान राहिले नाही. ज्याने ओवी बांधिली त्याने खालपर्यंत सगळेच बांधिले होते, आणि नेत्रांची अक्षरे सरल्यावर थांबावे हे दौलतखानाने पढविले नव्हते. नाईक त्याच सुरात म्हणाले की, छापखाना सरकारी, आवृत्ती सहावी.

बाईंची लेखणी थांबली. त्या उठल्या, पटाजवळ गेल्या, चष्मा वर सारिला, खाली सारिला, वाकल्या, आणि भिंतीस नाक लागेल इतक्या जवळोन पाहिले. पटाच्या तळाशी, मोहरीच्या दाण्याहून बारीक, तेच लिहिले होते. मग त्या परत येऊन बसल्या. हसल्या नाहीत, रागेजल्या नाहीत.

"नाईक," बाई म्हणाल्या, "हे मला चार बोटांवरून दिसत नाही."

नाईकांनी डोईचा रुमाल चाचपिला. बाईंनी कागद बाजूस सारिला, आणि खिडकीकडे हात करोन, जणू पाहुण्यास पुसावे तैसे, पुसिले की, बाहेर काय आहे ते सांगा पाहू. त्याची ओवी कोणी बांधिली नव्हती. नाईकांनी खिडकीकडे मुख केले. तेथे तेच होते जे सर्वत्र होते.

"धुकं हाय, बाईसाहेब."

बाहेर चैत्राचे ऊन रखरखत होते. खिडकीशीच पांगारा होता, पान नाही, नखशिखांत लाल फुललेला, आणि त्यावर साळुंक्यांचे भांडण चालले होते. बाई काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याने नाईकांस समजले की धुके नाही. मग ते बाकावर बसले, आणि प्रथम आर्जव केले की, बत्तीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडी मेली नाही, लिहून टाका. आणि बाईंनी लेखणी उचलिली नाही, तेव्हा नाईकांस आपुलेच बोलणे पोकळ वाटले, आणि जे लाडूबाईंसही सांगितले नव्हते ते तोंडास आले. ते म्हणाले की, मार्गशीर्षात एके सकाळी, वरच्या वळणावर, रस्त्यात धुके उतरले होते, खाली खाली, गुडघाभर, मी म्हटले नित्याचेच, आणि गाडा तसाच घातला.

"मग धुकं बें बें कराया लागलं," नाईक म्हणाले. "सारं मेंढरांचं खिल्लार व्हतं, बाईसाहेब. आन् मधी धनगरीण हुभी. चाक तिच्या काठीला टेकून थांबलं. ती मला कायबी बोलली न्हाई. नुस्ती बघत राहिली. कशी बघत व्हती, ते मला दिसलं न्हाई."

हे सांगोन त्यांनी रुमाल सोडिला आणि गुडघ्यावर ठेविला. बाईंनी कागद ओढिला आणि त्यावर लिहिले : तूर्त अपात्र. मग दुसऱ्या कागदावर लिहिले : उभय नेत्री मोतीबिंदू, पिकला आहे, काढावा. आणि म्हणाल्या की, हा जाणारा आजार आहे, नाईक, तुम्ही घाबरून दोन वर्षे फुकट घालविली. नाईकांनी पुसिले, गाडा राहील का. बाई म्हणाल्या, गाड्याचे मला ठाऊक नाही, डोळे राहतील.

मग एका डोळ्याचा मोतीबिंदू चैत्रात काढिला आणि दुसऱ्याचा वैशाखात. पट्टी सुटली तेव्हा लाडूबाई पुढ्यात बसल्या होत्या. नाईक त्यांजकडे फार वेळ पाहात राहिले, आणि म्हणाले की, तुझे केस कधी पिकले. त्या म्हणाल्या, तुम्ही हंड्याशी बोलत होता तवा. आणि दोघे हसली, आणि हसता हसता लाडूबाईंनी डोळ्यांस पदर लाविला. त्या सांजेस नाईकांनी अंगणातून रस्त्याकडे पाहिले, दिवे जात होते, आणि ते नुसते दिवे होते. चंद्र आकाशात एकच होता, लहान आणि रेखीव कडेचा. नाईकांस थोडके वाईट वाटले, आणि ते कोणास सांगण्याजोगे नव्हते.

ज्येष्ठ शुद्ध दशमीस ते फिरोन वैद्यशाळेत गेले. बाईंनी भिंतीवर, दरबारास लिहोन मागविलेला, निराळ्या अक्षरांचा नवाच पट टांगला होता. नाईकांनी अक्षरओळख होती तितकी लावोन, सावकाश, न खोकता, सात ओळी वाचिल्या, आणि आठव्या जागी म्हणाले की, खाली काही आहे, ते दिसत नाही. बाईंनी दाखल्यावर शिक्का मारिला, धन्यांस कागद पोहोचला, आणि गाडा नाईकांचे हाती आला.

दुसरे दिवशी सकाळी मीठ भरोन ते घाट चढू लागले. दगड दगड वेगळा, पान पान वेगळे, नाईकांस जणू परमुलखात आल्यासारखे जाहले, आणि ते गाडा गोगलगायीच्या चालीने हाकू लागले, मागले गाडेकरी भोंगे वाजवोन शिव्या देऊ लागले. ऐसे करीत वरचे वळण आले. त्या वळणास कठड्याचे पांढरे दगड होते, आणि नाईकांची खात्री होती की आपण बत्तीस वर्षे त्यांपासोन हातभर अंतर राखिले. त्यांनी दगडांकडे पाहिले आणि गाडा बाजूस उभा केला, आणि उतरले. दगडांवर चरे होते. एकावर एक, नवे जुने, आणि चऱ्यांत रंग भरला होता, पोपटी हिरवा. तो रंग घाटात एकाच गाड्याचा, नाईकांनी स्वतः हौसेने निवडिलेला. एक दगड निम्मा निखळला होता, त्याच्या जागी पोकळी होती.

नाईक त्या पोकळीपाशी उभे राहिले आणि खाली पाहिले. जेथे तीस वर्षे दरी म्हणोन होती आणि दोन वर्षे कापूस म्हणोन होता, तेथे बरोबर पायांखाली एक वाडी होती. वीस पंचवीस घरे, कौले, एक विहीर, आणि विहिरीशी बाया धुणी धूत होत्या. एकीने वर पाहिले, आणि उन्हाच्या आडोशाकरिता डोळ्यांवर हात धरिला.

नाईक गाड्यात बसले नाहीत. गाडा तेथेच राखोन पायी घाट उतरले, टपरीवर आले, आणि तेथे जे दहा अकरा गाडेकरी होते त्यांस म्हणाले, चला. कोणी चेष्टा केली की नजर आली तसे नाईक वेडे जाहले. परंतु दौलतखान उठला, आणि तो उठला म्हणोन बाकीचे उठले. सर्वांनी वळणावर येऊन दगड पाहिले. नाईकांनी बोट ठेवोन दाखविले की, हिरवा माझा. आणि मग कोणास बोलावे लागले नाही, कारण की हिरव्याखाली तांबडा होता, तांबड्याशेजारी पिवळा, आणि निखळलेल्या दगडाच्या ऐन काठावर, सर्वांहून ताजा, एक निळा होता.

दौलतखान उकिडवा बसला. त्या निळ्यावर बोट फिरवोन पाहिले, मग बोट डोळ्यांजवळ आणोन पाहिले, मग आणखी जवळ.

"नाईक," तो हळू म्हणाला, "हा निळाच आहे ना?"

नाईक म्हणाले, निळाच आहे.

येणेप्रमाणे हकीकत. दुसरे दिवशी वैद्यशाळेच्या अंगणात अकरा गाडेकरी उभे राहिले, त्यांत दौलतखान पहिला, आणि पटापुढे कोणी ओवी म्हटली नाही. ज्यास धुके दिसले त्याने धुके म्हणोन सांगितले. चौघांचे गाडे थांबले, त्यांतले तीन पुढे चालू जाहले, आणि एकाचा डोळा फिरोन आला नाही, तो आता टपरीवर चहा करितो. वाडीस यातले काही ठाऊक नाही. तेथे धुणी वाळत आहेत. लेखनसीमा.