आश्रुबा गुरुजींची हजेरी

आमच्या शाळेत टीव्ही आला, त्याच दिवशी आश्रुबा गुरुजींनी त्याच्यावर शाल पांघरली. साधीसुधी नाही, कुठल्याशा सत्कारात त्यांना मिळालेली, जरीच्या काठाची. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल.

"धुळीचं काय घिऊन बसलात म्याडम," गुरुजी म्हणाले. "त्याला वर डोळा हाय. बंद असला तरी बघत असतोय. ह्यात कायतरी गोम हाय."

युसूफ वडगावच्या पुढे एका वस्तीवर आमची पहिली ते चौथीची शाळा आहे. चोवीस मुलं आणि दोन शिक्षक: एक मी, केजहून जीपमध्ये कोंबून येणारी, आणि दुसरे हे गुरुजी, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या मते जगात गोम नसलेली वस्तू एकच, खडू. तोसुद्धा ते आधी मोडून बघतात. पोषण आहाराची डाळ आली की मूठभर डाळ उन्हात धरून निरखतात. माझ्या वाढदिवसाला मी पेढा पुढे केला, तर तो हातात न घेता त्यांनी कारण विचारलं, "कावून?" एकदा तापाने मी दोन दिवस रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी ताप किती वाजता चढला, किती वाजता उतरला हे असं विचारलं की मला स्वतःलाच शंका यायला लागली, ताप खरंच आला होता का!

पण त्यांचा खरा जीव हजेरीत. नाव घेतलं की चष्म्यावरून त्या मुलाचा चेहरा बघायचा, मगच वहीत खूण करायची. शेजारचा आला नाही म्हणून कुणी त्याच्या नावाला 'हजर' म्हणालं, तर त्याची धडगत नसे. दाराशी कान धरून उभं राहायचं, हजेरी संपेपर्यंत. "दुसऱ्याची हजेरी देनारा उद्या दुसऱ्याची सही करंल," असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसापुढे मी एक दिवस पोलंड नेऊन ठेवला.

एका प्रशिक्षणात माझी तिकडच्या एका शाळेशी ओळख झाली होती. दर मंगळवारी दुपारी एक वाजता टीव्हीवर आमची मुलं त्यांना बघणार, त्यांची आमच्या मुलांना. घरं, खेळ, सण, जेवण, एकमेकांना दाखवायचं. बोलणं मी आणि तिथल्या मार्ताबाई इंग्रजीत करणार आणि आपापल्या मुलांना समजावून सांगणार.

"आपल्या पोरांना कळंल, दुसरीकडची मानसं कशी राहतेत. हे ठीक हाय," गुरुजी म्हणाले. "पन त्यांना काय मिळनार?"

"त्यांना आपण कळू."

"आपन कळून काय करनार ते? कावून?"

पहिल्या मंगळवारी शाल निघाली आणि पडद्यावर एकोणीस गोरीगोरी पोरं हात हलवायला लागली. आमची मुलं आनंदाने किंचाळली. गुरुजी मागच्या भिंतीला टेकून उभे. "हे आधीच भरून ठिवलेलं असतंय," ते म्हणाले. "उजवा हात वर करा म्हनावं." मी सांगितलं. एकोणीस उजवे हात वर गेले. "आता डावा." डावे गेले. "नाक धरा म्हनावं." त्यांनी नाकं धरली, आमच्या पोरांनीही धरली, आणि मार्ताबाईंना वाटलं हा भारतातला नमस्कारच. त्यांनीही मान लववून नाक धरलं.

तरी समाधान नाही. आमच्याकडे एक वाजलेला, त्यांच्या भिंतीवर साडेनऊ. "बंद पडलेलं घड्याळ लावलंय," असं म्हणून गुरुजी तास संपेपर्यंत त्या मिनिटकाट्यावर नजर रोखून होते. पृथ्वीचा गोल फिरवून वेळेतला फरक तेच दरवर्षी चौथीला शिकवतात. मी आठवण करून दिली. "ते पुस्तकातलं," गुरुजी म्हणाले. "पुस्तकात छापायला काय जातंय!"

दुसऱ्या मंगळवारी तिसरीतल्या वैष्णवीने घरून पीठ आणि परात आणली आणि कॅमेऱ्यासमोर ज्वारीची भाकरी थापली. थापता थापता भाकरी परातीएवढी झाली, तशा पोलंडातल्या पोरी बाकांवर उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हापासून तिकडे सगळ्यांत आधी तिचंच नाव पाठ झालं. गुरुजी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "नीट बघून घेतेत बरं का. उद्या भाकरीचा कारखाना काढतील."

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी कोरी वही काढली. "दर खेपंला तीच पोरं असतेत का बदलून बशीवतेत, बघाय पायजे." एकोणीस नावं माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतली, रेघा मारल्या आणि हजेरी सुरू केली. मी लाजेकाजेने मार्ताबाईंना सांगितलं, आमच्याकडे हजेरीशिवाय पाठ सुरू होत नाही. त्या बिचारीला हे फारच आवडलं. "झोफिया!" गुरुजी ओरडायचे, आणि तिकडून "हाजार!" असा आवाज यायचा. चष्म्यावरून चेहरा बघून गुरुजी खूण करायचे.

पुढे हान्ना नावाची पोरगी लागोपाठ दोन मंगळवार गैरहजर राहिली. दुसऱ्या वेळी गुरुजींनी पाठच थांबवला.

"आईबाप तोडनीला गेलेत का, इचारा."

"गुरुजी, तिकडे ऊस नसतो."

"ऊस नसंल. दुसरं कायतरी तोडत असतील. इचारा तुमी."

मान खाली घालून मी विचारलं. हान्नाला कांजिण्या झाल्या होत्या. "ह्यात गोम हाय," गुरुजी म्हणाले. "दाखवा म्हनावं." पुढच्या मंगळवारी मार्ताबाईंनी खरंच हान्नाच्या आईला फोन लावला आणि तो फोन कॅमेऱ्यासमोर धरला. गोधडीतून एक लाल ठिपक्यांचा चेहरा बाहेर आला आणि बारीक आवाजात म्हणाला, "हाजार." गुरुजी खुर्ची ओढून टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले. ठिपके मोजत असावेत. मग म्हणाले, "लिंबाचा पाला टाकून आंगूळ घाला म्हनावं. आन् नाव कापू नका म्हनावं तिचं."

कडुलिंबाच्या पाल्याचं मी कसंबसं सांगितलं. नावाचं सांगितलंच नाही. तीन मंगळवारांसाठी कुणी नाव कापतं का!

मग दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्या वस्तीवर काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं भरली जातात आणि माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात, ती गुढीपाडव्यापर्यंत. यंदा चोवीसपैकी तेरा मुलं निघाली. वैष्णवीला आजवर आजी सांभाळायची. यंदा आजीलाही न्यायचं ठरलं, म्हणून वैष्णवीही निघाली.

गुरुजी प्रत्येक ट्रॅक्टरजवळ वही घेऊन उभे. कारखाना कुठला, गाव कुठलं, ट्रॅक्टरचा नंबर काय, मुकादमाचा फोन कोणता. "गुरुजी, पोलिसात लागलाव का?" मुकादम हसून म्हणाला. गुरुजी हसले नाहीत. वैष्णवी परातीवर बसली होती. तिला म्हणाले, "तुझं नाव कापनार न्हाई मी. तिथल्या साळंत जा. न्हाई जमलं तर वहीत रोज एक पान लिही. पाडव्याला येऊन दाखीव."

ट्रॅक्टर गेला. शाळेकडे परतताना मी सहज म्हणाले, "इतकी चौकशी कशाला करता, गुरुजी?"

"मी चौथीत असताना उसाच्या फडावर गेलतो," ते म्हणाले. "पाडव्याला आलो तर हजेरीत नावच न्हाई. कुटं गेलतास, म्हनून कुनी इचारलं बी न्हाई."

एवढंच बोलले आणि फाटकाची कडी दोनदा ओढून बघायला लागले. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसाला नुसतं हसत होते.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी गुरुजी माझ्याआधी शाळेत. शाल घडी करून ठेवलेली. अकरा मुलं सतरंजीवर पुढे दाटीवाटीने बसवलेली आणि मधल्या रिकाम्या जागांत दप्तरं मांडलेली. "डोळा जरा खाली वळवा," ते म्हणाले. "मागचं दिसाय नको."

"कावून, गुरुजी?" मी विचारलं. त्यांनी एक दप्तर सरळ केलं. मी कॅमेरा खाली वळवला.

पडदा लागला. मार्ताबाई म्हणाल्या, आज आमच्या मुलांनी तुमच्यासाठी एक गंमत केली आहे. हान्ना पुढे आली. ठिपके गेले होते. तिच्या हातात एक वही होती, रेघा मारलेली, गुरुजींसारखीच. ती आमची हजेरी घेणार होती.

"पूजा!"

"हजर!" पूजा जागच्या जागी उडाली. आपलं नाव टीव्हीतून आलेलं ऐकून सगळी हरखून गेली. समाधान हजर, सोनाली हजर. प्रत्येक नावाला हान्ना मान उंचावून चेहरा शोधायची आणि मगच खूण करायची.

"वैष्णवी!"

पोरं दप्तरांकडे बघायला लागली.

"वैष्णवी?" हान्नाने पुन्हा हाक मारली. दप्तरांच्या मागे कुणी आहे का, ते ती पडद्याजवळ येऊन बघायला लागली. मार्ताबाईंनी मला विचारलं, ती भाकरीवाली मुलगी बरी आहे ना? मी तोंड उघडलं. आठ वर्षांची मुलगी कुठे गेली आणि का, हे इंग्रजीत सांगायला मला शब्द सापडेनात. खरं तर मराठीतही सापडले नसते.

"हजर," मागून आवाज आला.

आवाज गुरुजींचा होता. अकराही माना मागे वळल्या. दुसरीतली सोनाली ताडकन उभी राहिली.

"गुरुजी! दुसऱ्याची हजेरी द्यायची न्हाई!"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. "बरोबर हाय," म्हणाले. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन कान धरून उभे राहिले.

पडद्यावर हान्नाने वैष्णवीच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. "ओंकार!"

ओंकारही ट्रॅक्टरमध्ये गेला होता.

"हजर," कान न सोडता गुरुजी म्हणाले.