वेरिबीचा शांतता-ठराव

सातासमुद्रापारच्या वेरिबी उपनगरातल्या मराठी विश्वशांती अभ्यास मंडळाने इस्रायल-पॅलेस्टाइनचा प्रश्न रविवारी चहाच्या आधी सोडवला. आणखी वेळ घेता आला असता, पण बटाटेवडे थंड होत होते.

एक राष्ट्र की दोन, हा वाद अध्यक्ष भास्कर यांच्या मसुद्याने टाळला होता. सीमा कुठेही आखा, पण त्या भूमीवरच्या प्रत्येक ज्यू आणि अरब माणसाला समान हक्क द्या, एवढंच म्हणणं. कलम चार सर्वांत धाडसी होतं: कोणीही कुठेही राहील आणि त्याआधी त्याचा जन्म विचारला जाणार नाही. ते भास्करांनी दोनदा वाचून दाखवलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

चहाच्या वेळी प्रज्ञेश त्यांच्याजवळ आला. हा मंडळाचा सदस्य, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. त्याच्या घरमालकाने घर विकलं होतं.

"भास्करदादा, तुमची मागची रूम रिकामी आहे ना? मला शुक्रवारी घर सोडायचंय."

"अरे मेट, आपलंच घर समज! पूर्ण नाव काय तुझं? फक्त फोनमध्ये सेव्ह करायला."

"प्रज्ञेश शिवराम."

"शिवराम वडील झाले. पुढे?"

"पुढे काही लावत नाही."

भास्कर गंभीर झाले. ज्याला पुढे काहीच नाही, त्याला समान हक्क द्यायचे तरी कोणाच्या बरोबरीने, असा तांत्रिक पेच उभा राहिला. वाटाघाटींची दुसरी फेरी सुरू झाली.

"गाव?"

"अकोला."

"अकोल्यात कुठे?"

"स्टेशनजवळ."

"कुठल्या बाजूला? बरं, आईचं माहेरचं आडनाव?"

"दादा, रूम मला हवीय, आईला नाही."

तिसऱ्या फेरीत भास्करांच्या पत्नी चित्रलेखा उतरल्या. त्यांनी अंतरिम तोडगा मांडला. रूम मिळेल, स्वयंपाकघराचा अंतिम दर्जा मात्र पुढे ठरेल. तोवर मायक्रोवेव्ह गॅरेजमध्ये, ये-जा मागच्या फाटकातून आणि तीही आधी मेसेज करून.

"डिस्क्रिमिनेशन मुळीच नाही हं," त्या म्हणाल्या. "सासूबाई येताहेत इंडियाहून. सिक्युरिटीचा प्रश्न आहे."

"आणि रेंट?"

"ते सगळ्यांना समान," भास्कर ठामपणे म्हणाले.

"दादा, आत्ताच कलम चार पास केलं आपण."

"ते तिकडच्यासाठी रे. इथली ग्राउंड रिअॅलिटी वेगळी आहे."

"मग ठरावावरची माझी सही काढा."

"असं कसं? एकमत मोडेल!"

"नो वरीज," म्हणून प्रज्ञेश निघाला. शुक्रवारी त्याने सामान गाडीत भरलं आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मागच्या सीटवर अंग मुडपून झोपला. हे कळलं तेव्हा मंडळाने ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवून तीव्र चिंता व्यक्त केली आणि निर्वासितांच्या प्रश्नावर पुढची बैठक ठेवली.

वाचकहो, भास्करांना खुशाल हसा. पण प्रज्ञेश कोणातला, हे मी कुठेच लिहिलेलं नाही, तरी तुम्हाला ते केव्हाच कळलंय. कोणत्या ओळीला कळलं?