संडासातलं कॅलेंडर आणि एकतिसावी आके

नवीन कॅलेंडर विकत आणायचं नाही, असं मी ठरवलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तसा मी कृतज्ञ माणूस आहे. माझी बायको, माझ्या सासूबाई, जनावरांची डॉक्टर आणि एक काळीपांढरी गाय अशा चौघींचे माझ्यावर उपकार आहेत, आणि त्यातली एकही मला ते विसरू देत नाही (गाय त्यातल्या त्यात बरी). म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं. लोक हसतील तर हसोत, नाहीतरी नेदरलँड्समधल्या आमच्या अख्ख्या फ्रीसलंड प्रांताचं हसून झालेलंच आहे.

मी नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसतो. बावीस वर्षं झाली. अक्षर मोत्यासारखं, तारीख कधी चुकत नाही, आणि मूल कोणाचं यावर मी कधी मत देत नाही. गोठा बायकोचा. हिल्के तिचं नाव. माहेरच्या साठ गाई ती एकहाती सांभाळते आणि वर मलाही सांभाळते.

जानेवारीत कालव्यावर बर्फ धरला. हिल्के स्केटिंगला गेली आणि उजवं मनगट मोडून आली. नेमकं त्याच महिन्यात तिने एका प्रशिक्षणाला नाव घातलं होतं: गाईंचं आरोग्य आणि प्रजनन, तीन मंगळवार, सगळं प्रत्यक्ष हाताने करून शिकायचं. आणि हात तर प्लास्टरमध्ये.

"नाव काढून घेते," ती म्हणाली.

"कशाला? मी जातो की!" (खरं सांगायचं तर पत्रकात खाली लिहिलं होतं, दुपारी वाटाण्याचं गरम सूप मिळेल.)

"तू? अरे, तू गोठ्यात गाईला 'जरा सरकता का' म्हणतोस!"

"मग? सरकतात त्या."

"सरकत नाहीत, वोप्के. तूच वळसा घालून जातोस."

तरी गेलो. शिकवायला डॉक्टर रेन्स्के होत्या. उंच, काटक, आणि बोलायला लागल्या की गाईसुद्धा कान टवकारायच्या. खांद्यापर्यंतचा लांब हातमोजा त्यांनी आमच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "हात शेणाच्या वाटेने आत गेला की डोळे कामाचे नाहीत. बोटांनी बघायचं. गर्भाची पिशवी लागेल, तिची दोन शिंगं लागतील, कुठे काय फुगलंय ते लागेल. वोप्के, काय लागतंय?"

"ऊब लागतेय," मी म्हणालो. बाहेर उणे चार होतं हो! त्या हाताइतका सुखी अवयव त्या दिवशी सगळ्या प्रांतात नसेल.

दुसऱ्या मंगळवारी माझी गाय खोकली. खोकणाऱ्या गाईच्या मागे जे कधी उभे राहिलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. शर्ट, चष्मा, केस, सगळं हिरवं. मी पंधरा मिनिटं नळाखाली होतो. परत आलो तेव्हा डॉक्टर सांगत होत्या, "...आणि एवढं एक विसरलात, तर बाकीचं शिकलेलं सगळं पाण्यात." सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मीही हलवली. शेजाऱ्याला विचारता आलं असतं, पण बावीस वर्षं लोक मला विचारतात. मी कोणाला विचारायचं?

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं आणि एक सल्ला. "गाईच्या नोंदींचं कॅलेंडर अशा जागी लावा," डॉक्टर म्हणाल्या, "जिथे घरातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी निवांत थांबतो."

आता अशी जागा घरात एकच. आणि तिथे कॅलेंडर आधीच होतं. वाढदिवसांचं कॅलेंडर दुसरीकडे कुठे लावतात? आमच्या मुलखात प्रत्येक घरात ते संडासातच, बसल्यावर डोळ्यांसमोर. आमच्याही होतं: बारा पानं, वार नाहीत, वर्ष नाही, नुसत्या तारखा आणि हिल्केच्या हातची नावं. बाकी जागा कोरी. एवढी कोरी जागा दिसली की कारकुनाचा हात शिवशिवतो. मी दोऱ्याने एक पेन्सिल टांगली आणि लिहायला घेतलं.

सगळ्यात जास्त लिहावं लागलं आकेबद्दल. आके म्हणजे गाय. आणि आके म्हणजे माझ्या सासूबाईसुद्धा. गाईला घरातल्या बाईचं नाव द्यायचं आणि पुढे आकडा लावायचा, ही इथली रीतच आहे. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी एक कालवड दिली, ती पहिली आके. तिच्या लेकी, नाती, पणत्या मोजत आता एकतिसावी चालू होती. बाकीच्या त्या घराण्यातल्या सगळ्या सरल्या होत्या. ही एकच उरली, आणि हिला दिवस राहीनात.

दोनदा फळवली, दोन्ही वेळा माझ्या सांगण्यावरून. संध्याकाळी गोठ्याच्या कठड्यावर हात टेकून कुठली गाय माजावर आलीय ते निरखायचं काम माझं होतं ना! दोन्हीदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. तिसऱ्यांदा हिल्केने स्वतः बघितलं आणि एप्रिलच्या तीन तारखेला पुन्हा फळवली. एकवीस दिवसांनी मी बघतो तर काय, आके शेजारणीवर उडी मारतेय! म्हणजे पुन्हा माज आला, पुन्हा उलटली. तरी चाळीस दिवस भरल्यावर मी मोजा चढवला आणि चांगली बारा मिनिटं तपासली. काही म्हणजे काही लागलं नाही.

त्या रात्री हिल्के जेवली नाही. "तीनदा उलटलेली गाय ठेवायची नाही, हा बाबांचा नियम," ती म्हणाली. "पण आईला कसं सांगू रे? वीस तारखेला तिचा पंचाहत्तरावा."

"वाढदिवस होऊ दे. व्यापाऱ्याला शुक्रवारी बोलवू. नंतर सांगू हळूच."

"नक्की रिकामी आहे ना?"

मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. त्या बोटाची मला आजही लाज वाटते.

सासूबाई गावात चर्चजवळच्या छोट्या घरात राहतात आणि वाढदिवसाला शेतावर येतात. बुधवारी वीस-बावीस पाहुणे जमले. पद्धतीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण, आणि आलेल्याने प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करायचं: मुलीचं आईबद्दल, जावयाचं सासूबद्दल, शेजाऱ्याचं शेजारणीबद्दल. मग कॉफी आणि गुलाबी साखरेच्या केकचा एकेक तुकडा. आणि कॉफीनंतर, एकेकाने उठून जायचं तिथे जायचं.

पहिली उठली हेग शहरातली योलांडा, हिल्केची मावसबहीण. गाय तिने दुधाच्या खोक्यावरच्या चित्रात बघितलेली. ती परत आली ती पांढरीफटक.

"हिल्के," ती कुजबुजली (हेगची कुजबुज इथे शेतापलीकडे ऐकू जाते), "मावशीला कुठे पाठवताय गं?"

"कुठे पाठवतेय? संध्याकाळी घरी सोडणार."

"मग शुक्रवारी व्यापारी कशाला येतोय?"

हिल्केच्या हातातली कॉफीची किटली जागच्या जागी थांबली.

"लिहिलंय ना तिथे! वीस तारीख, आके, पंचाहत्तर. बावीस तारीख, आकेला व्यापारी नेणार. आणि खाली दोनदा अधोरेखित, 'आईंना सांगायचं नाही.' अगं, पंचाहत्तर म्हणजे काय वय आहे का? आणि तेरा तारखेला 'स्वतः तपासलं, रिकामी' म्हणजे काय? कोणी तपासलं?"

सगळं रिंगण माझ्याकडे बघायला लागलं. मग एकेक शेतकऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि जो हशा उठला, विचारू नका. एकाच्या घशात केक अडकला. मीही हसलो. संकट टळलं असं मला वाटलं. तेवढ्यात हिल्के म्हणाली, "आई कुठेय?"

सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. संडासाला आतून कडी होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. हिल्केचे डोळे भरले. ती मला एवढंच म्हणाली, "वोप्के, लिहायचं तरी कशाला रे?" नोंद ठेवायची सवय, हे कारण त्या क्षणी मलाच पटेना.

वीस मिनिटांनी कडी निघाली. सासूबाई बाहेर आल्या, गळ्यात मोत्यांची माळ, नाकावर चष्मा, काखेत कॅलेंडर.

"वोप्के, इकडे ये."

"आई, आम्ही सांगणारच होतो—"

"ते राहू दे. फेब्रुवारीत लिहिलंयस, 'आके उडी मारते, माज, फळवली.' मार्चमध्ये तेच. उडी कोणी मारली?"

"आकेने."

"आणि आकेवर कोण चढलं?"

"कोणीच नाही."

"मग माजावर कोण होतं?"

"आके. उडी मारते म्हणजे..."

रिंगणातून कण्हल्यासारखा एक आवाज निघाला. मघाशी हसलेले सगळे आता कपाळाला हात लावून बसले होते.

"अरे लेकरा," सासूबाई म्हणाल्या, "उडी काय, कोणीही मारते. दुसरी पाठीवर चढली तरी जी गप उभी राहते, ती माजावर! तू दोन्ही वेळा भलत्याच दिवशी फळवलीस तिला. आणि एप्रिलमधली उडी बघून उलटली म्हणालास, ते कशावरून?"

आणि मला एकदम कळलं, मी नळाखाली होतो तेव्हा डॉक्टर रेन्स्के काय सांगत होत्या ते.

"पण नंतर तपासलं होतं, आई. स्वतः."

"तेच तर म्हणतेय मी. स्वतः." मग त्या खाली बसल्या आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "माझ्या वडिलांनी पहिली आके दोराला धरून पाच मैल चालत आणली होती रे. ही गेली की त्यांच्या हातचं काही उरत नाही माझ्याकडे. नियम मला माहितेय, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण धड तपासल्याशिवाय पाठवू नका. त्या रेन्स्केला फोन लाव. सांग, केक आहे."

डॉक्टर अर्ध्या तासात आल्या. सगळा वाढदिवस लाकडी बूट चढवून गोठ्यात गेला, केकच्या बशा हातात घेऊन. योलांडासुद्धा, नाकाला रुमाल लावून. डॉक्टरांनी आधी मला विचारलं, "तुम्ही हात कुठवर घातला होता?"

मी मनगटाच्या जरा वर खूण केली. "मला वाटलं, तिला त्रास नको."

"आणि आधी शेण काढलंत?"

"काढायचं असतं?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. म्हणजे बारा मिनिटं मी घड्याळ लावून शेण तपासलं होतं, आणि निष्कर्ष म्हणाल तर बरोबर होता. त्यात वासरू नव्हतं.

मग त्यांनी मोजा चढवला, सोनोग्राफीची नळी घेतली, आणि छोटा पडदा सासूबाईंच्या हाती धरायला दिला. आधी नुसतं करडं करडं दिसलं. मग एक काळा डाग, त्यात घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं.

"ते काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काळीज," डॉक्टर म्हणाल्या. "सत्तेचाळीस दिवसांचं. उत्तम चाललंय."

सासूबाई पडदा हातात धरूनच रडल्या, अगदी मनमोकळं. हिल्के त्यांच्या गळ्यात पडली. मग कोणीतरी हात पुढे केला आणि अभिनंदनाची फेरी नव्याने सुरू झाली: सासूबाईंचं आकेबद्दल, हिल्केचं आईबद्दल आणि आकेबद्दल, डॉक्टरांचं सगळ्यांबद्दल. योलांडाने आकेचंही अभिनंदन केलं, जरा लांबूनच. माझ्याशी हात मिळवायला मात्र जो तो आधी माझ्या हाताकडे बघायचा.

घरात परतताना सासूबाईंनी माझा दंड धरला. मी म्हणालो, "आई, माफ करा. माझ्यामुळे गेलीच होती ती."

"तुझ्यामुळेच राहिली," त्या म्हणाल्या. "दुसरा कोणी असता तर रिकामी म्हणून देऊन टाकली असती आणि मागे चिठोराही ठेवला नसता. तू तुझा गाढवपणा तारीखवार लिहून ठेवलास, म्हणून मला सापडला." इतकं चांगलं माझ्याबद्दल त्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी व्यापाऱ्याला कॉफी पाजून परत पाठवलं. जानेवारीत आके व्याली, कालवड झाली, बत्तिसावी आके. मी त्या वेळी गोठ्याच्या दारात दिवा धरून उभा होतो (हिल्के म्हणाली, तेवढंच धर). माझं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलंय. कॅलेंडर मात्र सासूबाईंनी पुन्हा जागच्या जागी नेऊन लावलं, पेन्सिलीसकट.

फेब्रुवारीची पहिली तारीख उजाडली, मी सकाळी निवांत बसलो आणि पान उलटलं. नऊ तारखेला माझा वाढदिवस असतो. हिल्केच्या हातचं माझं नाव होतं, आणि त्याच्या पुढे पेन्सिलीने, सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात नोंद होती:

"वोप्के. डोकं तपासलं (स्वतः). रिकामं. तरी विकायचा नाही."