हेमावतीबाईंचे डोहाळे

१९७४ साल. दिवाळी नुकतीच झाली होती, आणि मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर टेंपररी ऑपरेटर होते. गुपित ठेवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा त्या वेळी माझा ठाम समज होता.

गुपित असं की मला दिवस गेले होते. हे माझे यजमान सोमलिंग, सासूबाई शरणम्मा आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. ऑफिसात कळून चालणारच नव्हतं. आमचे सुपरवायझर महिपतराव साहेब महिनाअखेरीला माझ्याबद्दल शेरा लिहून वर पाठवणार होते आणि त्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी बसणार हे ठरणार होतं. साहेब माणूस देवासारखा, पण दोन जिवांच्या बाईला ट्रंकचा ताण झेपत नाही, हे त्यांचं मत दगडावर कोरलेलं. माझ्या आधीच्या टेंपररी मुलीला त्यांनी हात जोडून घरी पाठवलं होतं. "आधी बाळ, मग बघू," म्हणाले. मग कोणी बघितलं नाही.

हल्लीच्या मुलांना ट्रंक बोर्ड म्हणजे काय ते सांगावं लागेल. भिंतीएवढं लाकडी कपाट, त्याला चाळणीसारखी भोकं, आणि समोर गारुड्याच्या टोपलीतल्या सापांसारख्या उभ्या दोऱ्या. एक दोरी सोलापूरच्या गिऱ्हाइकात, दुसरी परगावच्या लायनीत. कानावर हेडफोन घट्ट. आणि कानात दिवसभर व्यापारी ओरडतायत. "अहो बाई, मुंबई कधी मिळणार, सुताचा भाव उतरला की!" सुताचा भाव जणू मीच खाली ओढून धरला होता. त्यात उमासे. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात लिंबू, आणि तोंडात गोड आवाज, "नंबर प्लीज."

डोहाळे लागले ते अंबाडीच्या भाजीचे. वर लसणाची फोडणी आणि सोबत कडक भाकरी. पण सासूबाईंनी अंबाडी बंद केलेली. "अय्यो, उष्ण पडती ती. गप दूध पी," म्हणायच्या. दुधाचा ग्लास बघितला तरी मला रडू यायचं.

आम्हा ऑपरेटरांच्या मैत्रिणी असायच्या त्या लायनीवरच्या. दुधनीच्या एक्स्चेंजमधली जगदेवी ही माझी तसली मैत्रीण. आयुष्यात तोंड बघितलं नव्हतं, पण तिच्या जावेचं भांडण मला पाठ होतं. त्या दुपारी ट्रान्सपोर्टवाल्या चांदसाबांचा दुधनीचा कॉल होता. जगदेवी तिकडच्या आडत्याला रिंग देत होती, तो उचलेना. मी चांदसाबांना "होल्ड करा" म्हटलं आणि आमचं बोलणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बोर्डावरची त्यांची चावी बंद केली. म्हणजे केली असं मला वाटलं.

"कसं हाय तुजं?" जगदेवी म्हणाली.

"काय सांगू, डोहाळ्यांनी जीव चाललाय. स्वप्नात अंबाडी दिसते बघ. काल तर बोर्डावरच्या दोऱ्या मला अंबाडीची जुडी वाटायला लागल्या."

"अगं मग खा की."

"कोण देतंय?"

तेवढ्यात हेडफोनमध्ये कोणीतरी खाकरलं. "बाई," चांदसाब हळूच म्हणाले, "मैं ऐकत नव्हतो. पण कान को लगेलाच है ना फोन."

मी दोरीच उपटली. दुधनी गेली, चांदसाब गेले, आडत्याही गेला.

चांदसाब मला नावानं ओळखत नव्हते. ऑपरेटरनं नाव सांगायचं नाही, असा नियमच होता. आम्ही म्हणजे नुसते आवाज. त्यामुळे मी निश्चिंत होते. पण चांदसाबांच्या घरी इमामबी होत्या हे मी विसरले. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो, हे आपल्याकडे घरोघरी मानतात, आणि इमामबींनी तर नवऱ्याला धारेवर धरलं. टेलिफोनवालीच्याच पोराचा कान फुटला तर त्याचं पाप कोणाला?

दुसऱ्या दिवशी चांदसाबांचा ड्रायव्हर पितळी डबा घेऊन आमच्या खोलीच्या दारात हजर. दाराजवळच्या स्टुलावर मीच होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"साहेब, ट्रंकवरच्या दोन जिवांच्या बाईला हे दिलंय मालकिणीनं."

महिपतराव साहेब कानापर्यंत लाल झाले. त्या काळी असला प्रश्न बायकांना विचारायचा तर पुरुषाची जीभ टाळूला चिकटायची. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि छताकडे बघत म्हणाले, "हे... ज्यांचं असेल त्यांनी घ्यावं."

डब्यातून लसणाच्या फोडणीचा वास आला. माझा हात आपोआप उठला. उठला तसा मी तो केसांवरून फिरवून खाली घेतला.

"द्या हिकडं," हेमावतीबाई म्हणाल्या.

हेमावतीबाई आमच्यात सगळ्यांत सीनियर. वय पन्नाशीचं, देह कापसाच्या गठ्ठ्यासारखा भरभक्कम, थोरल्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलेलं. त्यांनी डबा उघडला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी अंबाडी संपवली. शेवटी बोट फिरवून डबा असा लख्ख केला की घासायची गरज राहिली नाही.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच जवळ जाऊन म्हणाले, "हेमावतीबाई, तुमची तब्येत...?"

"तब्येत अशीच हाय की माजी पयल्यापास्नं."

"नाही, म्हणजे... काही त्रास?"

"भूक लई लागतीया हल्ली. अन् पाय सुजत्यात."

साहेबांना आणखी काय पुरावा हवा होता? दुसऱ्या दिवशी हेमावतीबाईंना इन्क्वायरीची पाठवाली फिरती खुर्ची मिळाली. पायाखाली रिकामं खोकं आलं. आणि साहेब माझ्यापाशी येऊन फार कनवाळू आवाजात म्हणाले, "दाक्षायणीबाई, तुम्ही तरुण आहात. त्यांचा बोर्डही सांभाळा जरा. माणुसकीचा प्रश्न आहे."

नाही कशी म्हणणार? आणि हो तरी कशी म्हणणार? मी हो म्हटलं. दोन बोर्डांमध्ये उभी राहून मी इकडची दोरी तिकडं आणि तिकडची इकडं करू लागले. एकदा चादरीच्या व्यापाऱ्याला सांगोल्याच्या मेंढ्यांच्या दलालाशी जोडून दिलं. दोघांनी बराच वेळ भाव ठरवला आणि मग कळलं, एकाला लोकर नको होती आणि दुसऱ्याकडे चादर नव्हती.

चांदसाबांनी ही गोष्ट बाजारात सांगितली असणार. ट्रंकवालीचे डोहाळे पुरवा, कॉल लवकर लागतो, असा शोध व्यापाऱ्यांना लागला. रोज डबे येऊ लागले. शेंगांच्या पोळ्या, गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी, खर्वस, चिंचेचं सार. सगळं जायचं फिरत्या खुर्चीकडे.

"घे की गं तूबी," हेमावतीबाई म्हणायच्या.

साहेब लगेच पुढे. "नको नको. त्यांना खाऊ द्या. दोघांचं आहे ते."

"दोघांचं म्हंजे?" हेमावतीबाई विचारायच्या. साहेब छताकडे बघायचे.

संध्याकाळी मी घरी जाऊन पलंगावर पडायचे. सोमलिंग माझे पाय दाबत म्हणायचे, "सांगून टाक, सोड ती नोकरी." सासूबाई आतून ओरडायच्या, "सोडती कशी? आता शेरा येतोयच की." घरात कमावणारी मी एकटी नव्हते. पण माझ्या सासूबाईंना शेजारणीपुढे 'आमची सून टेलिफोनात हाय' म्हणताना जे सुख मिळायचं, ते दुधाच्या कितीही ग्लासांत नव्हतं. आणि मला? मला तो आवाज होऊन बसणं आवडायचं. तेवढंच माझं स्वतःचं होतं.

महिनाअखेरच्या शनिवारी मी ड्यूटीवर आले आणि थबकले. फिरत्या खुर्चीला झेंडूच्या माळा. साहेबांच्या पत्नी हिरव्या बांगड्या घेऊन हजर. चांदसाब आणि इमामबी अंबाडीचं भलं मोठं पातेलं घेऊन आलेले. साहेबांनी गुपचूप हेमावतीबाईंचं डोहाळजेवण मांडलं होतं. त्यांच्या यजमानांनाही बोलावलं होतं. गुरुसिद्धप्पा मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले होते.

"अभिनंदन मास्तर," साहेब त्यांचा हात हातात घेत म्हणाले. "या वयात हिंमत लागते."

"ती तर लागतीच," मास्तर खूश. "बायकोनं लई कष्ट केले. फिरती खुर्ची मिळाली, म्हणजे सुपरवायझर झाली म्हणा की."

"सुपरवायझर?"

हेमावतीबाईंनी एकदा बांगड्यांकडे बघितलं, एकदा माळांकडे, आणि मग साहेबांकडे. "साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "वैशाखात मी सासू होणार हाय."

साहेब झेंडूच्या खुर्चीत बसले. चांदसाबांनीही मान हलवली. "ये आवाज नहीं, साहेब. वो आवाज अलग था."

नेमका त्याच वेळी बोर्डावर दिवा पेटला. ड्यूटी ती ड्यूटी. मी दोरी लावली. "हॅलो दुधनी, दुधनी, सोलापूर बोलतेय."

"ये!" चांदसाब ओरडले. "येच है वो!"

सगळी खोली माझ्याकडे वळली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन बोर्डांकडे. मग माझ्या सुजलेल्या पायांकडे.

"तुम्ही? आणि इतके दिवस मी तुम्हाला..."

"साहेब, शेरा," मी एवढंच म्हणू शकले.

"सकाळीच गेला." त्यांनी घाम पुसला. "एकटी दोघींचा भार हसतमुखानं पेलते, असं लिहिलंय. माझी सही आहे खाली." मग उठून म्हणाले, "आता झेपत नाही म्हणायची सोयच ठेवली नाही मी. बसा या खुर्चीत."

माळा होत्याच, बांगड्याही माझ्या हातात बसल्या. इमामबींनी स्वतःच्या हातानं घास भरवला. तो घास खाताना मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं तिखट लागलं.

आता त्यातलं फार कोणी उरलं नाही. चांदसाबांचे ट्रक मुलांनी वाढवले; ते गेले तेव्हा मी इमामबींना भेटून आले. जगदेवी दुधनीतच निवृत्त झाली, एका लग्नात तिच्या आवाजावरून मी तिला ओळखलं. महिपतराव साहेब जेऊरला शेतावर राहायला गेले आणि शेवटपर्यंत छताकडे बघून बोलायचे म्हणे. सासूबाईंनी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पहिला शब्द शिकवला, तो "हॅलो". मुलगी आज पुण्यात डॉक्टर आहे. सोमलिंग गेले त्याला चार वर्षं झाली.

हेमावतीबाईंना मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला माझं कळलं होतं ना? म्हणून तो डबा घेतलात ना?" त्या म्हणाल्या, "अगं, अंबाडी होती की ती. कोण सोडंल?" त्याच्यापलीकडे काही सांगितलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

मी मात्र कायम झाले. बाळंतपणाची रजा संपवून आले, तर हेमावतीबाई पुन्हा फिरत्या खुर्चीतच. साहेब म्हणाले, "तुम्हाला सवय आहेच." त्या निवृत्त होईपर्यंत त्यांचाही बोर्ड मीच चालवला.